सुनेच्या ताटातले बांगडे

आये,

गेल्या सोमवारी सकाळी मी सुनेला एस.टी.ने कसालच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिला सहावा महिना आहे. मुलगा मुंबईला गिरणीत, म्हणून मीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि मला विचारलं, "हिच्या अंगात रक्तच नाही. घरी खाते काय?"

"पेज," सून म्हणाली.

"आणि?"

"भात. लोणचा."

"समुद्राकाठची माणसं ना तुम्ही? मग मासळी?"

मी सांगितलं, नवस आहे. पोटुशी असताना आमच्या घरच्या सुना मासळी खात नाहीत. नवस कुणी केला, तर माझ्या आईने. "मग तिची परवानगी घेऊन या," असं म्हणून बाईंनी रक्ताच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. तू जाऊन चाळीस वर्षं होत आली, हे सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

बाबांचं गलबत वादळात सापडलं होतं तो दिवस मला आठवतो. तू देवळाच्या पायरीवर कपाळ टेकून बोललीस: घो परत येऊ दे, या घरची सून पोटुशी असताना मासळी खाणार नाही, मी नाही नि माझ्यामागून येतील त्याही नाहीत. गलबत आलं. देवीने तिचं पाळलं, मग दिवस राहिल्यावर तू तुझं पाळलंस. आम्हाला बांगडे वाढून झाले की तू चुलीपाशी पेज आणि मीठ घेऊन बसतेस. दुपारी मागच्या दारी उभी राहतेस, भिंतीचा पोपडा नखाने काढून तोंडात टाकतेस. मी बघितलं की हसतेस. "माका नाय रे, पोटातल्याक होया." शेजारणीही हसायच्या, पोटुशी बाई माती खातेच म्हणायच्या. तुझे ओठही त्या पांढरट भिंतीच्याच रंगाचे झाले होते. मग बाळंतपणात तू गेलीस, बाळही गेलं. बाबा म्हणाले, देवाची इच्छा. मी तेव्हा रडलो नाही म्हणतात. अजूनही त्या दिवसाचं काही वाटत नाही, फक्त दिसतं.

दवाखान्यातून आल्यावर दोन दिवसांनी सून गोठ्याच्या भिंतीशी उभी दिसली. मला बघून तिने ओठ पुसले. बोटांना माती होती.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, हिला मासळी द्यायची. ती भडकली. "खूळ लागला काय तुमका? सासूबायचो नवस तो. मी पाळलंय, मी मेलंय काय?"

सून दाराआडून म्हणाली, "मामांनू, माका नको. बाळाक कायता झाला तर?"

बायको म्हणाली, "देवीक इचारून येवा. तिना उजवो कौल दिल्यान तर बघू."

आज सकाळी आंघोळ करून देवळात गेलो. गुरव देवीच्या अंगावर पाकळ्या लावायला निघाला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. मी त्याला थांबवलं. हात जोडून एवढंच म्हटलं, "नवस माझ्या आयेचो, मोडतंय मी. काय करूचा ता माका कर, पोरीक नको." गुरव बघत राहिला. मी तिथून सरळ बंदरावर गेलो आणि बांगडे घेतले.

घरी बायकोने विचारलं, "दिल्यान कौल?" मी पडवीत बसून बांगडे साफ करायला लागलो. जन्मात केलं नव्हतं. ती थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग म्हणाली, "बांगडे असे धुतत? सरा थयसून!" तिने तिरफळं घालून बांगड्यांचं दाट तिखलं केलं. सुनेला माझ्या शेजारी पाटावर बसवलं आणि आधी तिला वाढलं. पोरीने पहिला घास डोळे मिटून घेतला. नंतर तिने मागून घेतलं.

हे पत्र पाठवायचं कुठे? लिहून झालं की चुलीत टाकीन. दोघींना वाटतं, देवीने उजवा कौल दिला. आये, मी विचारलंच नाही. डावी पाकळी पडली असती तर बांगडे आणायची हिंमत मला झाली नसती.