तिसऱ्या ओळीतली दरड

पोलादपूर,
शुक्रवार, १९ जुलै

चि. मुकुल,

काकाचे पोतंभर आशीर्वाद. पनवेलला पाणी तुंबलं नाही ना? इकडे सगळं ठीक. काकूचे गुडघे कुरकुरतात, परसात अळू माजलंय, तुझी खुर्ची मांजराने बळकावली.

तू माझा फोन उचलत नाहीस. त्यावर रागवायचा हक्क मला उरला नाही. का, ते पुढे येईलच. म्हणून हे पत्र पनवेल गाडीच्या कंडक्टरकडे देतोय.

आपलं भांडण रोज आठवतं. 'घाटवार्ता' छापत होतो तेव्हा अंक विकत देत होतो, पण रस्त्याची खबर स्टँडबाहेरच्या फळ्यावर खडूने फुकट. मोबाईलवर आलो आणि फळा माळ्यावर गेला. वाचक हजारांनी वाढले, पैसे कुणी देईना. मी म्हटलं, वर्गणी भरेल तोच पुढे वाचेल. तू म्हणालास, "काका, बाकी सगळं कुलपात ठेवा, रस्ता नको." मी म्हटलं, "लोक रस्त्यासाठीच येतात. दुभती म्हैस कुणी मोकळी सोडतं का?" तू कुलूप बसवलंस आणि निघून गेलास.

सहदेव तेव्हा हसला होता. "गंगाधर, आता बातमीलापण टोलनाका काय रे?" वीस वर्षं माझ्या अंकांचे गठ्ठे आपल्या टेम्पोतून फुकट पोचवणारा माणूस.

मंगळवारी पहाटे आंबेनळी घाटात दरड आली. सातच्या आत मी बातमी टाकली. पण जित्याची खोड! आधी धुकं, मग धबधबे. कुलपाबाहेर दोनच ओळी दिसतात. 'घाट बंद' तिसऱ्या ओळीत होतं.

सहदेव भाजी आणायला महाबळेश्वराकडे निघाला. पहिल्या दरडीपाशी थांबला, तेवढ्यात वरून दुसरी आली. मुंबईला हलवलंय. तीन दिवस शुद्ध नाही.

नवऱ्याबरोबर मुंबईला निघताना रूपालीवहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बातमीत नव्हतं का ओ?"

"होतं. त्याने पुढे वाचलं नसेल," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं, मुकुल. उरलेलं तुला सांगतो. कुलूप लागल्यापासून लोक फोन करून विचारायचे, "काका, रस्ता चालू हाय का?" फुकटे, म्हणून सकाळचे फोन घेणंच मी सोडलं होतं. त्या दिवशी सहदेवचे दोन फोन आले. नाव दिसलं. मी चहा पीत होतो. फोन उपडा ठेवला.

बातमीचं मोल मागणं चूक नाही, अजूनही म्हणतो. लिहिणाऱ्यालाही पोट आहे. पण माणूस मोडेल ती खबर विकायची नसते, हे मला फळ्यापाशी उभं असताना ठाऊक होतं रे.

आता 'बंद' हा शब्द आधी लिहितो. तरी कुठे बंद, कुठून वळायचं, दोन ओळींत मावत नाही. कशेडी घाटातही डोंगराला भेग पडली म्हणतात. मला ते कुलूप काढता येत नाही. फळा खाली काढलाय, पण खडू पावसात टिकत नाही.

ये बाबा. आधी कुलूप काढ. मग माझ्याबरोबर मुंबईला चल. त्या दोन फोनांचं वहिनींना सांगायचंय, आणि एकट्याचे पाय उचलत नाहीत.

फोन उताणा ठेवून बसलोय. कुणाचाही येवो, घेतो.

तुझा,
गंगाधरकाका