पुसलेली काच

बाबा,

तुम्ही काच पुसलीत म्हणून माझा फोटो बिघडला नव्हता. एवढं एक वाक्य लिहायला इतकी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर ते किती साधं दिसतंय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बिबवेवाडीच्या याच घरात, तुमच्या खोलीत, खिडकीशी आता माझं टेबल आहे आणि त्यावर दोन मोठे स्क्रीन. तुमचा पलंग आईने हलवू दिला नाही, त्यामुळे खुर्ची मागे सरकवली की ती पलंगाला आपटते आणि दर वेळी माझ्या तोंडून आपोआप "सॉरी" निघतं. पावसाळ्याचे चार महिने आभाळ मिळत नाही. मग आमच्यासारखे आकाशाचे फोटो काढणारे लोक घरात बसून जुनी चित्रं उकरून काढतात. दुपारी पडदे ओढून घ्यायचे, पंखा बारीक करायचा आणि बाहेरच्या रिक्षांचे आवाज ऐकत अंधारातलं काहीतरी हळूहळू उजेडात आणत राहायचं. आईचं म्हणणं तेच आहे जे तेव्हा होतं. "रात्रभर काळोखाचे फोटो काढायचे आणि दिवसभर ते उजळत बसायचं. त्यापेक्षा दिवसाच काढत जा की, तेवढीच वीज वाचेल."

परवा अशाच एका दुपारी मी जुनी हार्ड डिस्क जोडली आणि आपली देवयानी उघडली. आपली म्हणते, कारण त्या रात्री तुम्ही होतात. देवयानी दीर्घिकेचे तीन तीन मिनिटांचे चाळीस फोटो. एकेक सुटा पाहिला तर जवळजवळ काळाच, मध्ये फक्त बोट लागल्यासारखा एक धुरकट डाग. ते चाळीसच्या चाळीस एकमेकांवर बसवायचे, तारा ताऱ्यावर नेमका येईल असे. मग कॅमेऱ्याची स्वतःची खरखर बाजूला पडते आणि खरोखर आभाळातून आलेलं तेवढं उरतं. त्यानंतर मी उजेड अगदी थोडा थोडा वाढवत नेते. घाई केली की सगळं पांढरं फटक होतं. सावकाश नेलं तर आधी मधला पिवळसर गाभा दिसतो, मग त्याच्याभोवती धुळीचे काळे पट्टे, मग कडेची निळी झाक, आणि बघता बघता ती तिरकी, प्रचंड गोष्ट स्क्रीनभर पसरते. मी हे शेकडो वेळा केलं असेल, पण ती वर येऊ लागली की अजूनही माझा हात माउसवर थांबतो. डोळे पेंगुळतात, आपण खोलीत आहोत की बाहेर तेही कळेनासं होतं. परवा त्या गुंगीत मला तुमच्या दुकानाचा वास आला, ओल्या दगडाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा.

दुकान तुमचं नव्हतंच खरं तर, तुम्ही तिथले कारागीर. नारायण पेठेतल्या त्या चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला तुमचं बाकडं, त्यावर फिरणारा दगड, वरून ठिबकणारं पाणी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नंबरचं भिंग तुम्ही दगडावर धरून कडेने घासत घासत फ्रेमच्या मापाचं करायचात. शाळा सुटल्यावर मी तिथे येऊन बसायची. तुमची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची. भिंग बसलं की तुम्ही त्यावर तोंडाने वाफ सोडायचात, पिवळ्या फडक्याने मधून कडेकडे गोल गोल पुसायचात, ट्यूबलाइटसमोर धरायचात, आणि तरी समाधान नाही म्हणून पुन्हा पुसायचात. एकदा एक आजोबा नुसती दांडी बदलून घ्यायला आले होते. चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर हरखून म्हणाले, "अहो, हा नवा नंबर फारच छान लागलाय!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नंबर जुनाच आहे. काच पुसलीय." मालक गल्ल्यावर खुसखुसत राहिले. घरी येताना मी तुम्हाला विचारलं की एवढं काय पुसत बसता. तुम्ही म्हणालात, "माणसाच्या हातात मळकी काच द्यायची नाही. त्याला वाटतं आपले डोळेच गेले." एखादी काच दिसली आणि तुमचा हात तिच्याकडे गेला नाही असं मी कधी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी माणसाचा चष्मासुद्धा तुम्ही मागून घेऊन पुसून दिला आहे.

म्हणूनच मी पहिल्या पगारांतून साठवून ती छोटी दुर्बीण घेतली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला. मी रात्री गावाबाहेर जाणार म्हटल्यावर आई म्हणाली, "जा हो, एकटी जा. मी आहेच इथे देव पाण्यात घालून बसायला." मग तुम्ही यायचं ठरलं. खडकवासला मागे टाकून पुढे, डोंगराच्या आडोशाला, तुमच्याकडून चष्मा करून घेणाऱ्या एका शेतकऱ्याचं रान होतं. आपण दुपार कलताना पोचायचो. तुम्ही डबा, सतरंजी, थर्मास उतरवायचात, मी दुर्बिणीचं तिकाटणं रोवायची. ताऱ्यावर नेमका फोकस साधायला दुर्बिणीच्या तोंडावर बारीक चिरांची एक जाळी लावावी लागते. बाजारातली मागवू नकोस म्हणालात आणि काळ्या पुठ्ठ्यातून ब्लेडने तुम्ही ती कापून दिलीत. एकेक चीर अशी सरळ की मी पट्टी लावून बघितली. तो शेतकरी अंधार पडायच्या आत एकदा चक्कर मारायचा. "ताई, एवढी मोठी नळी हाय, काय घावलं का न्हाई अजून?" मी म्हणायची, अजून उजेड आहे. तो तुमच्याकडे बघून म्हणायचा, "आन् तुमी काय करता?" तुम्ही सांगायचात, "मी हमाल." त्या रात्री कॅमेऱ्याच्या पाठीवर देवयानीचा पहिला डाग उमटला. हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, बाबा, असं मी तुम्हाला सांगते आहे, तुम्ही वाकून बघता आहात, चष्मा कपाळावर ढकललेला. "एवढ्या लांबून आलाय," तुम्ही म्हणता, "चहापाणी विचारलंस का?" आपण दोघं हसतो आहोत आणि लांब धरणाच्या बाजूने कुठलासा पक्षी ओरडतो आहे. मी तुमच्या सोबत असताना इतकी निवांत पुन्हा कधी झाले असेन असं मला आठवत नाही.

पहाट झाली. फोटो संपले की आमचं एक काम उरतं. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि सकाळच्या एकसारख्या उजेडाचे पंधरा-वीस फोटो काढायचे. त्यांना फ्लॅट म्हणतात. त्यात दुसरं काही नसतं, फक्त भिंगांवरच्या धुळीच्या सावल्या उमटतात, बांगडीसारखी फिकट वर्तुळं. घरी आल्यावर संगणक ती वर्तुळं ओळखतो आणि देवयानीच्या फोटोतून तेवढी काढून टाकतो. थोडक्यात, आधी मळाचा फोटो घ्यायचा, मग मळ जातो. अट एकच, रात्रीचे फोटो आणि फ्लॅट यांच्या मधे काहीही हलवायचं नाही. मी हे सगळं तुम्हाला समजावून सांगितलं नव्हतं. मलाच ते नुकतं कळलं होतं, आणि नुकतं कळलेलं माणूस फार मोठ्याने बोलतं. मी गाडीतून कापड आणायला गेले. परत येते तर तुम्ही दुर्बिणीसमोर वाकलेले, पुढच्या भिंगावर दव साठलं होतं, आणि खिशातलं पिवळं फडकं काढून तुम्ही ते मधून कडेकडे गोल गोल पुसत होतात. मी कापड ताणून बसवलं. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, ती बदलली, फ्लॅट घेतले, आपण निघालो. वाटेत तुम्ही झोपलात.

त्याच दिवशी, रविवारी दुपारी, संगणकाने त्याचं काम केलं आणि फोटोत वर्तुळं कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. काळी होती तशीच राहिली आणि त्यांच्या शेजारी तेवढीच पांढरी उमटली. देवयानीच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तशी. तुम्ही कौतुकाने मागे येऊन उभे राहिला होतात. मी वळले आणि जिभेला हाड नसल्यासारखी सुटले. "बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? मधे धूळ हलवायची नसते! सगळी रात्र फुकट घालवलीत. काचेतलं काय कळतं तुम्हाला?" स्वयंपाकघरातला पोळ्यांचा आवाज थांबला. आई तिथूनच म्हणाली, "यांना नाही कळत तर मग कोणाला कळतं गं काचेतलं?" मला तुमच्याकडून तिरकस उत्तराची खात्री होती, आणि ते आलं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "बरोबर आहे. विचारायला हवं होतं मी." आणि पेपर घेऊन गॅलरीत गेलात.

त्यानंतर तुम्ही माझ्या दुर्बिणीला कधी हात लावला नाहीत. मी ती साफ करायला टेबलावर ठेवली की तुम्ही येऊन बघायचात, चार गोष्टी विचारायचात, पण दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. म्युझियममध्ये शाळेच्या पोरांना उभं करतात तसे. पुढच्या खेपेला म्हणालात, गुडघे दुखतात, सतरंजीवर बसवत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला मी विचारलंच नाही. मी एकटीच गाडी घेऊन जायला लागले; तिथे फोटो काढणाऱ्यांचा एक ग्रुप जमायचा. आईने एकदोनदा देव पाण्यात घातले असतील, मग तिलाही सवय झाली. तुम्ही अजून तीन वर्षं होतात, आणि त्या तीन वर्षांत मी काढलेलं प्रत्येक चित्र तुम्ही चष्मा पुसून, नीट बघून "सुरेख" म्हणालात. याहून जास्त काही नाही.

परवा मी त्या रात्रीचा एक फोटो आणि त्या सकाळचा एक फ्लॅट शेजारी शेजारी लावले आणि दोन्ही खूप उजळले. डावीकडे तीन वर्तुळं, एक मोठं, दोन लहान, मोठ्याच्या कडेला धाग्याची खाच. उजवीकडेही तीन. तीच, त्याच खाचेसकट. काहीही पुसलं गेलेलं नव्हतं. फक्त सगळी मिळून मधल्या बिंदूभोवती फिरली होती, घड्याळाचा काटा बारावरून दोनवर जावा एवढी. धूळ मागच्या टोकाच्या छोट्या भिंगावर होती, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. बॅटरीचं झाकण उघडेना म्हणून मी कॅमेरा सैल करून फिरवला, बॅटरी घातली आणि झोपेत तसाच आवळला. तुम्ही पुसलेल्या पुढच्या काचेवरचा मळ फोटोत दिसतच नसतो, ती फार लांब असते. मी फ्लॅट तेवढाच उलटा फिरवला आणि पुन्हा काम लावलं. वर्तुळं गेली. बारा वर्षांनी देवयानी स्वच्छ होऊन समोर आली. काय चित्र आहे, बाबा. तुम्ही दव पुसलंत म्हणूनच सकाळचे फ्लॅट एकसारखे आले होते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी बराच वेळ रडले आणि मग ते चित्र सेव्ह केलं.

इथेच थांबता आलं असतं. पण पुरावा परवा मिळाला असला तरी कळलं होतं ते फार आधी. त्याच हिवाळ्यात, तुम्हाला बोलल्याला दोन महिनेही झाले नसतील, ग्रुपमधल्या एका वयस्कर गृहस्थांना मी तो फोटो दाखवला. ते म्हणाले, "अहो, पुढच्या काचेचा काही संबंध नाही. तुम्ही मधे कॅमेरा फिरवला होतात का?" आणि मला बॅटरी आठवली. मी घरी आले तेव्हा तुम्ही याच खोलीत, दिव्याखाली, शेजारच्या काकूंच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होतात. "काय म्हणतंय तुझं आकाश?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "काही नाही, ढग आहेत." सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या शनिवारी डबा भरून दारात तयार असतात, गुडघ्यांचं नावही काढलं नसतंत. आणि मला तोवर एकटीने जायची चटक लागली होती. स्वतः गाडी चालवत जावं, कोणी थकलंय का ते बघावं लागू नये, कोणाशी बोलावं लागू नये. मला तुम्ही नको होतात, बाबा. भांडण आयतं हाताशी होतं, ते मी मिटू दिलं नाही.

आई दारात येऊन उभी आहे. विचारते आहे, एवढं काय लिहितेस, डोळे का लाल झालेत. मी तिला सांगितलं, ऑफिसचं काम आहे.