मोठ्या माणसाकडं बोट करायचं न्हाय

आबा, परवा मी कोर्टात जाऊन आले. शेजारच्या लहान पोरीची साक्ष होती, तिच्या आईला एकटीनं जायची धास्ती वाटत होती, म्हणून सोबत गेले. पोरीला बसायला खुर्ची दिली, आईला शेजारी बसू दिलं, मधे पडदा लावला. पडद्यापलीकडचा आरोपी तिला दिसतच नव्हता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "बाळ, पाणी हवं का तुला?" चांगलंच झालं म्हणायचं. पण या वयात मला त्या पोरीचा हेवा वाटला, आबा. घरी आल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे, तेच आज कागदावर उतरवते.

तुम्ही परंड्याच्या कोर्टात चपराशी होता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती, तरी तुमच्या तोंडी कोर्टाला इजलास, तारखेला पेशी, आरोपीला मुलजीम हेच शब्द. आई रोज सकाळी तुमच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासायची आणि तुम्ही चुलीपुढं भाकरी खाता खाता मला कचेरीची रीत शिकवायचा. साहेबापुढं मान वर करायची नाही. मधे बोलायचं नाही. "आन् मोठ्या माणसाकडं बोट करायचं न्हाय. कदी न्हाय." एकदा पाहुण्यांकडं बोट करून मी "हे कोण?" विचारलं, तर तुम्ही ते बोट असं आवळलंत की त्या दिवशी मला घास कालवता येईना.

मी आठ वर्षांची असेन. गुऱ्हाळावरून काकवी घेऊन येत होते. किल्ल्याच्या खंदकाकडेच्या वाटेवर गुऱ्हाळावरचाच एक गडी मागून आला, पुढं होऊन त्यानं माझं तोंड दाबलं आणि कानातली सोन्याची बाळी ओढून पळाला. कानाची पाळी फाटली. मी मात्र काकवी सांडली म्हणून रडत घरी आले. कानाचं आईनं सांगितलं तेव्हा कळलं. पोलिसांनी त्याला धरलं, पण बाळी सापडली नाही, आणि पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. मी ओळखलं तर शिक्षा, नाहीतर तो सुटणार आणि पुन्हा आपल्या वाटेवरच्या गुऱ्हाळावर येणार. हे मला कुणी समजावलं नव्हतं, पण कळत होतं.

पेशीच्या दिवशी आई बाळंतपणाच्या खाटेवर, म्हणून मी तुमच्याबरोबर आले. तुम्ही दाराशी उभे, आणि मी बाहेर लिंबाखाली. त्याच लिंबाखाली तो बसलेला. मुलजीम वेगळा, लेकरू वेगळं अशी सोय तेव्हा नव्हती. त्याच्याजवळचा पोलीस विडी ओढण्यात दंग. गड्यानं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश स्वतःच्या कानाची पाळी चोळली. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही समोर बघत होता. तुम्हाला ते दिसलं होतं का, आबा?

मग तुम्ही पुकारा केलात. माझं नाव, त्यामागं तुमचंच नाव, "हाजिर है?" असं तीनदा. मी चार पावलांवर बसलेली, आणि माझा बाप मला परक्यासारखी हाक मारतो आहे. मला रडूच फुटणार होतं.

आत साहेबांनी विचारलं, "खोटं बोललं तर काय होतं?"

"आबा मारत्यात."

लोक हसले. मग ते म्हणाले, "बाळी कुणी ओढली? तो इथं असेल तर बोट करून दाखव."

मी मान खाली घालून उभी. मला त्याचे पाय दिसताहेत, अंगठ्याचं काळं पडलेलं नख दिसतंय, तो उभा आहे तो कठडा दिसतोय. पण बोट कसं करू? मी तुमच्याकडं बघितलं.

"साहेब, पोरगी बापाकडं बघतीय," त्याचा वकील लगेच उठला. "पढवून आणलीय तिला."

साहेबांचा आवाज चढला. "पोरी, शेवटचं विचारतोय."

तेव्हा तुम्ही साहेबांना वाकून सलाम केलात आणि दारातून बाहेर निघून गेलात. न विचारता, ड्युटी टाकून. मला त्या इजलासात एकटी सोडून. माझी मान वर झाली, हात वर झाला, आणि मी ओरडले, "ह्यो! ह्यानंच वढली! गुऱ्हाळावर जाळ घालतो, त्योच ह्यो!"

त्याला शिक्षा झाली. तुम्हाला साहेबांनी चारचौघांत झापलं; "हुजूर, चूक झाली," एवढंच तुम्ही म्हणालात. घरी येताना तुम्ही माझा हात धरला नाहीत, तेवढं ते एक बोट धरलंत, अगदी हलकं, दारापर्यंत.

तुम्ही बाहेर गेलात ते माझ्या मनातला तुमचा धाक सुटावा म्हणून, की तुम्हाला बघवेना म्हणून? तुम्ही होता तोवर तुमच्याकडं मान वर करून हे विचारायचं धाडस झालं नाही. आणि एक राहिलं. मुलजीम तोच होता, त्यात तिळभर शंका नाही. पण हात वर केला तेव्हा तो माझ्या ध्यानातही नव्हता. मी दाराकडं बोट केलं होतं, तुमच्याकडं, रागानं. कठडा मधे होता, त्यातला तो दिसला, आणि मग तोंडातून खरं ते निघालं. हे पत्र खरंच तुमच्या हाती जाणार असतं, तर एवढ्या चार ओळी मी लिहिल्या नसत्या.