बिनखिडकीची केबिन

चि. ठकूस, आशीर्वाद.

तुझ्याकडे येताना बोटीत गॅलरीची केबिन सोडून बिनखिडकीची का घेतली, म्हणून फोनवर चिडलीस. मी म्हटलं, समुद्र दिसला की मला बोट लागते. ती थाप होती. हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहितो.

तुझी आई हल्ली दिसेल ते दार उघडून चालू लागते. घरात कडीला घुंगरू बांधलंय. वाजलं की हातातलं टाकून धावतो. बोटीच्या गॅलरीपलीकडे नुसतं पाणी, आणि मी आता फार दमलोय गं.

तरी केबिन ठरवण्याआधी तिला विचारलं होतं, कुठली घेऊ? तिने सगळे फोटो नीट पाहिले आणि परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "आमच्या ह्यांना विचारून सांगते."

तुझा,
बाबा