देवाच्या नावावरचं खस

शुक्रवार, वैशाख. दिवेलागणीची वेळ.

आज सुनेसमोर माझी लाज गेली. मागच्या महिन्यात तिनं सेंटची बाटली आणली, तवा म्या चार बायांत तिला उधळी म्हटलं. आन आज आदिलाबादच्या बाजारात आमी दोघी चाललो होतो, तर अत्तरवाला ओरडते, "अम्माजी, आपका खस आ गया!"

"देवासाठी लागते," म्या सुनेला सांगितलं. त्यानं अत्तराचा फाया पुढं केला, आन म्या सवयीनं कान पुढं केला. अत्तर देवाचं आन कान माझा! सून हसली असती तर भांडली तरी असती मी. ती आपली बाजूच्या दुकानातल्या बांगड्या पाहू लागली.

उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. मालक वारल्यावर लोक नावं ठेवतील म्हणून देवाच्या नावावर घेते. देवाला एक थेंब, बाकी मलाच. कान अजून तापून राह्यला.

घरी आल्यावर पोरानं इचारलं, "माय, वास कायचा येते?" म्या पदर कानावर ओढला. सूनच म्हणे, "देवाचं अत्तर सांडलं माझ्या हातून."

"सांबाळून वापरत जा ना," तो तिच्यावरच खेकसला. आन म्या गुमान ऐकून घेतलं.