खत होऊ दे, मग बोलू

८ जुलै २००७
आजपासून कोंबड्या कामावर. पेपरात आलंय, कचऱ्याच्या ढिगावर कोंबड्या सोडल्या की त्या उकरतात, किडे खातात, वरून शिटतात आणि खत आपोआप तयार होतं. माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवण्याचा मला नारपोलीच्या कापडाच्या लूममध्ये सुपरवायझर म्हणून दांडगा अनुभव आहे.
शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी आईच्या परसात मुरूम टाकला, तेव्हापासून तिथे गवतही उगवत नाही. आईचे डोळे गेलेत. म्हणते, दिवाळीला येकदा वाल पेरू दे, मंग मी सुटली. परस गेलं तर आई राहायची नाही. म्हणून खत.

९ जुलै
धाकटा भाऊ केसरीनाथ आला होता. वडप्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रक उभे करायला परसाची जागा विकत हवी आहे. जागा आम्हा दोघांच्या नावावर. मी ठणकावून सांगितलं, खत होऊ दे, मग बोलू. तो एकदम खूश. म्हणाला, दादा, खताची फिकीर करू नको, खताचा मी बघतो. भाऊ असावा तर असा.

२२ जुलै
ढिगाला सुका पाला हवा. पण झाडंच उरली नाहीत. डोकं चालवलं. जुन्या लूममधून सुताचा कचरा आणला, गोण्या भरून. सूत म्हणजे कापूस, कापूस म्हणजे झाड. बायको तुळजा म्हणाली, ह्यो पॉलिस्टर हाय, नातवंडांच्या लग्नापरेंत कुजायचा न्हाय. बायकांना दूरदृष्टी नसते.

२३ जुलै, सकाळी
सगळ्या कोंबड्यांचे पाय सुतात गुंतले. सोडवताना माझा हातही गुंतला. तुळजाने कात्रीने सगळ्यांना सोडवलं. मला शेवटी.

१२ ऑगस्ट, गटारी
मेहुणे आले. स्टाफ निम्मा झाला. मी सक्त विरोध केला. रस्सा छान होता.

१९ सप्टेंबर
उरलेल्या कोंबड्या ढिगाकडे फिरकत नाहीत. ढिगातलं खाण्यासारखं होतं ते खाऊन झालं, राहिलं सूत. आता दिवसभर तुळजाच्या चुलीमागे बसतात. शिटतात तिथेच. तुळजाचं म्हणणं, खत घरात व्हायला लागला हाय, आता वालही घरातच पेरा.

७ ऑक्टोबर
आज मीच उकरलं, पायांनी. कोंबड्या कुंपणावर बसून बघत होत्या. लक्ष ठेवणं त्यांना छान जमतं.
आई रोज विचारते, खत झाला का रं. मी रोज सांगतो, होत आलं. ढीग जसाच्या तसा, लाल-निळा. मला भीती वाटते. जेवण जात नाही. पण पद्धतीत चूक नाही. चूक कोंबड्यांची आहे.

१ नोव्हेंबर
केसरीनाथचा फोन! म्हणाला, दादा, खत तयार हाय, शनवारी घेऊन येतो. बोललाच नव्हता इतके दिवस, गुपचूप करत होता. फोन ठेवला आणि रडलो. आईला सांगितलं, खत येतंय. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

३ नोव्हेंबर, शनिवार
टेम्पो आत यावा म्हणून सकाळीच फाटक काढून ठेवलं. केसरीनाथ मोटरसायकलवर आला. मागे ट्रान्सपोर्टवाला, हातात स्टॅम्प पेपर. मी विचारलं, टेम्पो कुठाय? ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, टेम्पो क्या सेठ, बडे बडे ट्रक आयेंगे.
साठेखत. जागेचं.
केसरीनाथ म्हणाला, सगल्या भावकीत सांगितलाय, दादा बोलला व्हता खत होऊ दे, दादा शब्दाचा पक्का हाय. मला शेणखत वाटलं होतं, हे अगदी ओठांवर आलं. पण दोघंही हसले असते. उद्या भावकी हसली असती. सुपरवायझर राहिलेल्या माणसाने हसं करून घ्यायचं?
सही केली. अक्षर सुरेख आलं.

संध्याकाळी
आई ओटीवर बसून होती. तिने विचारलं, केसरी आलता ना? खत दिला का त्याने?
हो म्हटलं.
चांगला झाला का?
चांगला झाला, आई.
मग तिने वालाचं बियाणं मागून घेतलं आणि सूप मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत निवडत बसली.