पांढऱ्या कॅनचं पुढे सांगतो

ती. आत्येस,

साष्टांग नमस्कार, आणि दोन्ही कान धरलेत असं समज. आठ दिवस रोज हे पत्र लिहायला बसतोय. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर कागद नव्हता, आणि काल दोन्ही समोर होतं तेव्हा धीर नव्हता. तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला? मागे त्यांच्याबरोबर धाडलेला तो पाच लिटरचा पांढरा कॅन वापरात आहे का? (त्याचं पुढे सांगतो.)

माझं एका जागी बूड टेकत नाही म्हणतेस ना, इथं कारखान्यात पाच महिने टेकलंय. यंत्रांचे तेलकट सुटे भाग हौदात बुडवून धुवायचे, एवढंच काम. हौदातल्या पातळ पदार्थाला सगळे ‘औषध’ म्हणतात. वास गोडसर. दुपारपर्यंत डोकं असं हलकं व्हायचं की मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा एखादं काम आवडायला लागलं! आमचे वस्ताद एकोणीस वर्षं त्यात हात घालतायत. वाफाळत्या चहाचा ग्लास ते मुठीत धरतात (मी फडक्यानंसुद्धा धरत नाही), आणि आम्ही म्हणायचो, हात आहेत की लोखंड!

शर्ट टांगायला आमच्याकडे एकच खिळा. एक दिवस ओझ्यानं तो उपटला आणि शर्टांसकट एक पाटी खाली आली. खिळा मुळात तिचाच. पाटीवर लिहिलेलं, वापरातल्या रसायनांची माहिती मागण्याचा आणि ती मिळण्याचा कामगाराला कायद्यानं हक्क आहे. (शाळेत मी पाट्या फक्त फोडल्या. ही दोनदा वाचली.) तीच काखेत मारून कारकुनाकडे गेलो.

“माहितीपत्रक आहे की, कपाटात. हाताळून खराब होतं.”

“वाचायचंय.”

“तब्येत बिघडली का?”

“नाही.”

“मग बिघडल्यावर ये.”

मी पाटी टेबलावर ठेवली. तो म्हणाला, तू तर हंगामी. म्हटलं, ‘हंगामी सोडून’ असं कुठं लिहिलंय ते दाखवा. मागे पाहतो तर हौदावरचे बाकीचे अकराही जण ओल्या हातांनी उभे. कपाट उघडलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचलं. चक्कर येणं, डोकं हलकं होणं... झालं, गेली माझी कामाची आवड. पुढची ओळ, बोटं बधिर होणं. वस्तादांनी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “ते कपाट रोज मीच पुसतो रे,” एवढंच म्हणाले.

आता हातमोजे आलेत, पंखे लेखी मागितलेत, वस्तादांची तपासणी व्हायचीय. बाकी ठीक.

तुझा भटका भाचा

ता. क. पत्रकातली शेवटची ओळ वर लिहायची राहिली. राहिली कसली, मीच टाळली. रिकाम्या कॅनमध्ये खाण्यापिण्याचं काही भरू नये. तुला धाडलेला कॅन त्याच औषधाचा. त्यावर धोक्याचा कागद चिकटवलेला होता. तुझ्या स्वयंपाकघरात शोभावा म्हणून मीच तो न वाचता खरवडून काढला. आत्या, त्यात असेल ते ओतून दे, कॅन फोडून टाक (कुणाला देऊन टाकू नकोस, तुला सवय आहे), आणि दोघं डॉक्टरांकडे जा. पत्रकाची नक्कल मागच्या बाजूला आहे, ती दाखव.

पुन्हा ता. क. आत्या, आत्ता दारात आतोबा उभे आहेत. हातात तोच कॅन. म्हणतायत, “परगावचं पाणी तुला बाधतं ना, म्हणून तिनं घरचं धाडलंय. मीही वाटभर हेच प्यायलो. गोडसर लागतं.” खोकत खोकत ग्लास शोधतायत. पेन ठेवतो.